मधली हवा

पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं भंगारात काढलेलं हे वर्कस्टेशन,
कुशीवर अजून त्यांचा कागद : मालमत्ता क्रमांक एकशे बारा.
उद्यमनगरात उतरवताना टेम्पोवाला म्हणाला,
"तिजोरी हाय काय ताई?"

तेरा वर्षांचा प्रोसेसर. माणसात धरला तर
निवृत्तीला टेकलेला हेडक्लार्क,
सांगितलेलं करतो, घाई करत नाही, चुकत नाही.
घाई मला होती.
गुरुवारी सुतारांच्या फौंड्रीत पंपाचं कवच ओतायचं होतं
आणि वितळलेलं लोखंड साच्यात कुठून कुठं गोठत जाईल
हे पडद्यावर आधी बघायला
ह्याला लागत होते अकरा तास.

म्हणून बायॉसमध्ये शिरले.
गुणक बत्तीस होता, चाळीस केला.
व्होल्टेज चिमटीनं वाढवलं.
बेचाळीसही चालला.
त्रेचाळीसला सत्त्याण्णव अंश, मग निळा पडदा,
मग खोलीत ती शांतता
जी कुकरची शिट्टी अर्ध्यात थांबल्यावर होते.

म्हणजे लोखंड कसं निवतं याचा हिशोब करायला बसलेला
स्वतःच निवत नव्हता.

लक्ष्मीपुरीतून माशांच्या टाकीचा पंप आणला,
गॅरेजमधून व्हॅनच्या हीटरचा रेडिएटर,
दोन मीटर नळी, जुन्या मालातला तांब्याचा ठोकळा.
पाणी फिरलं. पारा तीन अंश उतरला आणि अडून बसला
म्हशीसारखा.
ठोकळा काढून त्याच्या तळाला पट्टी टेकवली,
उजेडासमोर धरली :
पट्टीखालून ट्यूबलाइटची बारीक रेघ डोकावत होती.

निजामभाई शिकलगार तीन गाळे सोडून बसतात.
कटर, कात्र्या, ऊस तोडायचे कोयते.
त्यांनी ठोकळा तळहातावर घेतला, नखानं चाचपला,
"पोट आलंय ह्याला."
काचेवर पॉलिश पेपर, वर पाण्याचे चार थेंब,
आणि आठचा आकडा. आठ, परत आठ, परत आठ.
दोघांत बोलणं नाही. बाहेर सोमवारची सुट्टी,
एकही लेथ चालू नाही,
फक्त तांबं झिजल्याचा आवाज, पिठासारखा मऊ.

दीड तासानं त्यांनी तो फडक्यानं पुसला.
"तोंड बघायचं हाय व्हय ह्यात?"
"नाही भाई. मधे हवा राहायला नको, एवढंच."
तरी दोघांनीही पाहिलं.
त्यांची दाढी, माझा चष्मा, मागं कॅलेंडर उलटं.
मग मी गाळ्यात येऊन तुरीच्या डाळीएवढी पेस्ट लावली
आणि तो आरसा झाकून टाकला
चार स्क्रूंनी, तिरपे तिरपे आवळत.

बेचाळीसवर अडुसष्ट अंश.
संध्याकाळी साडेसातला लावलेलं काम
पहाटे चारला संपलं.
पडद्यावर कवच निळं पडत गेलेलं, कडांकडून आत,
सगळं शहाण्यासारखं,
आणि कानाजवळ, बोल्टाच्या भोकाखाली,
कुंकवाएवढा लाल ठिपका.
भोवती सगळं गोठेल तेव्हा तिथं
लोखंड पुरणार नाही. पोकळी राहील.

सातला सुतारांना फोन केला.
"साचे तयार हाईत सगळे, आणि आत्ता सांगताय?
माझा बाप डोळ्यानं बघून ओतायचा."
फोन ठेवला त्यांनी. तेही खरंच होतं;
त्यांच्या बापाची किती कवचं फुटली
हे मी विचारलं नाही.

रायझर थोडा सरकवून पुन्हा गणित लावलं.
नवाला निजामभाई आले, चहाचा ग्लास एका हातात,
दुसरा हात रेडिएटरच्या मागं धरलेला.
"कोमट वारं येतंय."
"यायलाच पाहिजे."
"मजूरी नको," म्हणाले, "पर हे काय शिजतंय ते सांगा."
मी सांगू लागले. कान, बोल्ट, पोकळी.
ते ऐकत होते की हात शेकत होते, कळेना.

टेबलावर फोन थरथरू लागला. सुतार.
गणित अकरा टक्क्यांवर होतं.
मी तो वाजू दिला.